जुन्या साड्या-पोलक्यांचं ऑनलाइन दुकान आणि त्यांची नोंदणीची सर्व्हिस, सदाशिव पेठ: सविस्तर रिव्ह्यू

या दुकानाकडून मी दोन वेगळ्या गोष्टी घेतल्यात, एक म्हणजे ऑनलाइन मागवलेलं खणाचं जुनं पोलकं आणि दुसरी म्हणजे आमच्या घरच्या नऊवारीची नोंद करून घ्यायची सर्व्हिस. पोलक्याच्या ऑर्डरमध्ये थोडा त्रास झाला तो खाली लिहिलाय. पण नोंदीची सर्व्हिस इतकी मनापासून करतात की ज्यांच्या कपाटात आजी-पणजीचं काहीही गुंडाळून ठेवलेलं असेल त्यांनी ती नक्की घ्या, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

हल्ली ऑनलाइन जुने कपडे विकणारे खूप झालेत. रोज कुणीतरी "अँटिक पैठणी, शंभर वर्षं जुनी, सिंगल पीस" असं टाकतं, तीन फोटो, त्यातला एक मॉडेलच्या खांद्यावर, किंमत डीएममध्ये, आणि दुपारपर्यंत "सोल्ड". मग पोस्ट काढून टाकतात, स्टोरी असेल तर ती २४ तासांत आपोआपच जाते. साडी कुठल्या घरातून आली, कोण नेसायचं, लांबी किती, रफू कुठे, काही म्हणजे काही मागे राहत नाही. आणि घेणाऱ्या बाईने ती कापून ड्रेस शिवला की विषयच संपला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे जुना कपडा टिकणं आधीच किती अवघड होतं बघा, नऊवारी विरली की तिची गोधडी व्हायची, मऊ भागाची बाळाची दुपटी, जरा बरं असेल ते बोहारणीला देऊन त्यावर स्टीलचं पातेलं घ्यायचं, आणि खरी जर असली तर जर घेणारे दारावर यायचे, साडी जाळून चांदी काढून घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे. कितीतरी पैठण्या अशाच गेल्या. यातून जे वाचलं ते आता ऑनलाइन विकलं जातंय, आणि कपडा वाचला तरी त्याची माहिती विकताना हरवते.

हे दुकान चालवणाऱ्या ताई ती माहिती सांभाळतात. प्रत्येक नगाला नंबर असतो आणि नग विकला गेला तरी त्याचं पान साइटवरून काढत नाहीत, फक्त "विकलं" असा शिक्का पडतो. फोटो, मापं, हकीकत सगळं तिथंच राहतं. म्हणजे उद्या कुणाला जुन्या पोलक्यांची शिवण कशी असायची हे बघायचं असेल तर विकत न घेताही बघता येतं. मी स्वतः तिथे संध्याकाळच्या संध्याकाळ नुसतं बघत बसलेली आहे.

माझ्या पोलक्याचंच सांगते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण, रंग गर्द हिरवा, काठ लाल. फोटो पुढून, मागून, आणि मुख्य म्हणजे आतून, पूर्ण उलटं करून. बाकीचे विकणारे आतला फोटो कधीच टाकत नाहीत आणि खरी गोष्ट सगळी आतच असते. बाजूच्या शिवणी मशीनच्या, पण गळा आणि बाह्यांची कड हाताने धावदोरा घालून केलेली, अस्तर मांजरपाटाचं, पुढे टिचबटणं, काखेत घामाने कापड विरलेलं (घामातल्या क्षारांनी रेशीम कमकुवत होतं असं खाली लिहिलंय), आणि डाव्या बाजूची शिवण कधीतरी उसवून पोलकं थोडं सैल केलेलं. त्या उसवलेल्या शिवणीच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी शेजारी दाखवणारा एक क्लोजअप आहे. आत जिथे उजेड कधी पोचलाच नाही तिथे तो हिरवा इतका टवटवीत आहे की मूळ पोलकं कसं दिसत असेल ते एकदम डोळ्यासमोर येतं.

काळाबद्दल त्या "शंभर वर्षं" असं ठोकून देत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. "साधारण १९३५ ते १९५५" असं लिहून खाली कारणं दिलीत. टिचबटणाचं पेटंट १८८५ चं, म्हणजे त्याच्या आधीचं नाही. दोऱ्यात कुठेही नायलॉन किंवा पॉलिएस्टर नाही, आणि हल्ली कपड्यात असतं ते पॉलिएस्टर मुळात १९४१ मध्ये पहिल्यांदा तयार झालं, त्यामुळे दोरा पॉलिएस्टरचा निघाला असता तर निदान ती शिवण तरी नंतरची ठरली असती. अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघितलं तर दोरा निळसर चमकत नाही, कारण कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी रसायनं पावडरीत आणि दोऱ्यात यायला लागली ती बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या नंतर पसरली. पण तिथेच हेही लिहिलंय की एखादा खरा जुना कपडा नंतर नव्या पावडरीने धुतला गेला तर तोही चमकतो, म्हणून एवढ्या एका गोष्टीवर काळ ठरवता येत नाही. शेवटी विकणाऱ्या घरच्यांनी सांगितलेलं लग्नाचं साल धरून हा अंदाज काढलाय. एक गोष्ट त्यांनी फोनवर छान समजावली, की असल्या खुणा बहुतेक वेळा एकाच बाजूने कुंपण घालतात. जांभळा रंग केमिकलचा निघाला तर कपडा १८५६ नंतरचा एवढं कळतं, कारण पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो रंग तेव्हा शोधला, पण किती नंतरचा ते रंग सांगत नाही. त्यासाठी शिवण, मापं, मिलचा छाप, घरच्यांची आठवण असं सगळं एकत्र बघावं लागतं.

घरच्यांच्या आठवणीचा वेगळा रकाना असतो, "घरचे सांगतात" असा. एका मलमलीच्या साडीवर तिथे लिहिलंय की ७ ऑक्टोबर १९०५ ला पुण्यात सावरकरांनी विदेशी कापडाची होळी केली तेव्हा पणजीने ही साडी धान्याच्या कणगीत लपवून ठेवली होती. हकीकत पूर्ण लिहून घेतलीये, कुणी सांगितली, सांगणारीचं नातं काय, कधी रेकॉर्ड केली, सगळं आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत, "साडीवर याचा पुरावा नाही, मिलचा छाप फाटलेला आहे." दुसऱ्या कुणी हीच हकीकत मथळ्यात टाकून किंमत तिप्पट केली असती. यांनी ती टाकून दिली नाही आणि खरी म्हणून विकलीही नाही. याला मी पैकीच्या पैकी मार्क देईन.

आता नोंदणीच्या सर्व्हिसबद्दल. आपला स्वतःचा कपडा घेऊन जायचं, विकायची काही सक्ती नाही. एका नगाचे ७०० रुपये. मी आमच्या आजीची नऊवारी नेली आणि सोबत आत्याला नेलं, ताईंनीच फोनवर सांगितलं होतं की साडी नेसलेली बघितलेलं कुणी मोठं माणूस असेल तर जरूर आणा. वाड्यातली खोली आहे, तळमजल्यावर, पायऱ्या एक-दोनच. आत शिरल्या शिरल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवायला सांगतात, हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, चहा बाहेरच्या पडवीत, आणि टेबलाजवळ पेन अजिबात न्यायचं नाही, लिहायचं ते पेन्सिलने. टेबलावर धुतलेली पांढरी चादर. सगळी साडी एकदम उलगडत नाहीत, एका बाजूने उलगडत दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने गुंडाळत जातात.

मापं दोन्ही पद्धतीने घेतात, वारात आणि सेंटिमीटरमध्ये. आमची नऊ वाराला थोडी कमी भरली, पुढे कळलं की एका टोकाचा विरलेला तुकडा कधीतरी काढून टाकलेला आहे. पन्हा, काठाची रुंदी, पदराची लांबी, दशा आहेत का, एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती, हे भिंगाखाली मोजून लिहितात. जर बघायला जाळत वगैरे नाहीत. भिंगातून दाखवलं, रेशमाच्या बारीक धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा, जिथे मुलामा गेलाय तिथे तार काळसर. नकली जरीत आत तांबं असतं, ते झिजलं की लालसर दिसतं. पदराची मागची बाजू पण बघितली, कारण पारंपरिक हातमागाच्या पैठणीचा पदर मागून पुढून सारखाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. आमची पैठणी नाही हे तिथे नक्की झालं, आणि ते त्यांनी आत्याला इतकं नीट सांगितलं की तिला जराही वाईट वाटलं नाही. "आजी, साडी इरकली आहे, आणि खूप वापरलेली आहे, म्हणून तर हिच्यात एवढं बघण्यासारखं आहे," असं म्हणाल्या.

आणि मग जे झालं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. ताईंनी आत्याला विचारलं, तुमच्या आई कशी नेसायच्या, दाखवाल का? आत्याने साध्या धोतरावर दाखवलं (खऱ्या साडीला हात लावू दिला नाही, बरोबरच आहे), ओचा कुठे यायचा, निऱ्या किती, कासोटा कुठून जायचा, पदर डोक्यावरून घेऊन टोक कुठे खोचायचं. प्रत्येक जागी ताई थांबून तेवढं अंतर मोजायच्या आणि साडीवर ती जागा बघायच्या. ओचा यायचा तिथे कापड नुसतं घासून पातळ झालेलं, आजी ओच्यात किल्ल्या ठेवायची म्हणे. खालच्या काठावर एका ठरावीक लांबीतच रफू, तिथे चालताना टाचेला घासायचं. आणि पदराच्या जवळ, काठापासून वीतभर आत, एक तेलकट पिवळा पट्टा. मी आजवर तो डागच समजत होते. आत्या एकदम म्हणाली, "अगं हे डोक्याचं तेल, आई रोज खोबरेल लावायची, पदर डोक्यावरून घेतला की बरोब्बर इथे यायचा." ताईंनी त्या पट्ट्याच्या शेजारी मापाची पट्टी आणि रंगांचं कार्ड ठेवून वेगळे फोटो काढले आणि नोंदीत लिहिलं की हा डाग काढू नये. लाँड्रीत दिली असती तर त्यांनी पहिला तोच घालवायचा प्रयत्न केला असता. आत्या काय काय बोलली ते तिच्या परवानगीने रेकॉर्ड केलंय, तिच्या आवाजात, आणि त्याची फाइल आम्हाला दिली.

हातात काय मिळतं: फोटोंची आणि नोंदीची पीडीएफ, तिची छापील प्रत, ऑडिओ, आणि साडीला नंबरची छोटी सुती पट्टी, काठाच्या आतल्या बाजूला दोन सैल टाक्यांनी टाचलेली. स्टिकर नाही, पिन नाही, स्टेपल तर नाहीच, कारण लोखंड गंजलं की तिथे कापड जळाल्यासारखं होऊन भोक पडतं. घरची नोंद सार्वजनिक करायची का ते तुम्ही ठरवायचं. आम्ही फोटो आणि मापं दिली, नावं घरातच ठेवली. तसं बघितलं तर म्युझियममध्ये हेच करतात. आपल्या केळकर म्युझियमचं उदाहरण घ्या, काका केळकरांनी १९२० च्या सुमाराला घरोघरच्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवायला सुरुवात केली, १९६२ मध्ये संग्रह सरकारला दिला, आज तिथे २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. प्रत्येक घरातलं प्रत्येक लुगडं तिथे जाऊ शकत नाही, जायची गरजही नाही. नोंद मात्र प्रत्येकाची होऊ शकते.

कायद्याच्या बाबतीत पण ताई काटेकोर आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा धंदा करायला लायसन्स लागतं आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून शंभरीच्या जवळपास वाटणारा नग त्या विकायला ठेवतच नाहीत, फक्त नोंद करून घरच्यांना परत देतात. माझ्या मैत्रिणीला अमेरिकेतल्या मुलीसाठी जुना शालू पाठवायचा होता तर त्यांनी आधी पुरातत्त्व खात्याकडून ही वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र घ्या म्हणून सांगितलं, अर्ज कसा करायचा तेही समजावलं, आणि स्वतःचा सेल सोडून दिला. "१२० वर्षं जुनी, वर्ल्डवाइड शिपिंग" असं बिनधास्त लिहिणारे बघितले की मला आता धसकाच बसतो.

कापायच्या बाबतीत त्यांचं मत मला पूर्ण पटतं असं नाही. अंग पूर्ण विरलेली साडी असेल तर काठ-पदर सुटे करून त्या विकतात, आधी अख्ख्या साडीची नोंद करून. मला विचाराल तर विरलेलं अंगही ठेवावं. पण त्यांचं म्हणणं असं की घरचे लोक ते अंग फेकूनच देणार असतात, निदान पूर्ण साडीचे फोटो तरी राहतात, आणि अंगाचा एक हातभर तुकडा त्या स्वतः नंबर घालून ठेवतात. चांगल्या साडीची पर्स किंवा फ्रेम करून मागितली तर सरळ नाही म्हणतात. फ्रेमचं कारण ऐकून ठेवा, म्युझियममध्ये कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर उजेड पडू देत नाहीत, आणि आपण आजीचा पदर हॉलमध्ये खिडकीसमोर काचेला चिकटवून लावतो. उजेडाने गेलेला रंग परत येत नाही.

जपून ठेवायचा किट वेगळा घ्यावा लागतो. त्यात अ‍ॅसिड-फ्री पेपर, धुतलेल्या मलमलीची पिशवी, पुठ्ठ्याचा खोका आणि वेखंडाची पुरचुंडी. सूचनांचा कागद मराठीत आहे आणि साधा आहे. जरीची साडी एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली की घडीवरच तार तुटते, म्हणून घडीत पेपरची सैल गुंडाळी घालायची आणि घडी बदलत राहायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही, पुण्याच्या पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी येते. डांबराच्या गोळ्या जरीला आणि कापडाला लागू द्यायच्या नाहीत, रबरबँड तर जवळपासही नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. लाकडाच्या किंवा प्लायच्या कपाटात ठेवणार असाल तर खाली-वर मांजरपाट घाला. पाऊस संपून दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की सावलीत वारा द्यायचा, उन्हात नाही. लोकरीच्या शालीला कसर-किडा लागला असेल तर पिशवीत हवाबंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण नॉर्मलला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर दव धरतं. हे मला माहीतच नव्हतं आणि फार कामाचं आहे.

आता ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्या. खोका लहान आहे. पोलकं, कुंची, पगडीखालचं कापड यांना ठीक, पण नऊवारी त्यात घालायला फार घड्या पडतात आणि स्वतःच्याच सूचनेच्या विरुद्ध जातं, नळीवर गुंडाळून ठेवायचा ऑप्शन द्या ना ताई, जास्त पैसे देऊ. साइटवरचा सर्च धड चालत नाही, "खण" टाकलं तर खणाची पोलकी सोडून बाकी सगळं येतं, नंबर माहीत असेल तरच नग सापडतो. इतकी मौल्यवान माहिती आहे आणि ती सापडत नाही हे खूप खटकतं. माझं पार्सल कुरियरवाल्याने भर पावसात गेटपाशी ठेवलं. आतलं पॅकिंग चांगलं होतं म्हणून पोलकं वाचलं, पण बाहेरचा खोका पूर्ण भिजला होता, तक्रार केल्यावर ताईंनी त्याच दिवशी फोन केला, फोटो मागवले, आणि उघडून कसं वाळवायचं ते फोनवर थांबून सांगितलं. आणि किमती कमी नाहीत. त्याच प्रकारचं पोलकं जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी नशिबाने मिळालं तर पाव किमतीत मिळेल. पण तिथे ते कुणाचं, कुठलं, कधीचं हे सांगणारं कुणी नसतं.

एक विनंती आहे, साइट उद्या बंद पडली तर या सगळ्या नोंदींचं काय? मी हे ताईंना विचारलं. त्या प्रत्येक नोंदीची छापील प्रत काढून ठेवतात आणि दोन हार्ड डिस्कवर कॉपी आहे, एक दुसऱ्या घरात. तरी एखाद्या म्युझियमला किंवा कॉलेजच्या टेक्सटाइल डिपार्टमेंटला पूर्ण संच द्यावा असं मला फार वाटतं, आणि तो संच लावायला माणसं लागणार असतील तर मी यायला तयार आहे, माझ्यासारख्या अजून दोघी-तिघी तरी नक्की येतील.

जाणाऱ्यांसाठी: अपॉइंटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यावी लागते, पावसाळ्यात नोंदणी बंद असते. जायच्या आधी कपडा धुऊ नका, इस्त्री करू नका, रिठ्यात तर अजिबात बुडवू नका, जुने रंग ओले झाले की फुटतात, ताई स्वतः आधी कोपऱ्यावर ओला पांढरा कापूस टेकवून बघतात. जुन्या चादरीत सैल गुंडाळून न्या. जुने फोटो असतील तर न्या, लग्नाचे, बारशाचे, ज्यात तो कपडा दिसतो असे. आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या, पार्किंग लांब आहे म्हणून रिक्षाने वाड्याच्या दारापर्यंत जा.